प्रत (पत्रव्यवहार)

पत्रव्यवहारातील प्रत म्हणजे, मुख्य पत्र ज्या व्यक्तीला उद्देशून लिहिलेले असते तिच्याव्यतिरिक्त अन्य व्यक्तींना किंवा कार्यालयांना पाठवलेला त्याच पत्राचा दुसरा नमुना होय. पत्राच्या शेवटी डाव्या बाजूस ‘प्रत’ असे लिहून त्याखाली अशा व्यक्तींची पदनामे क्रमाने देण्याचा प्रघात महाराष्ट्रातील शासकीय, निमशासकीय आणि शैक्षणिक कार्यालयांत रूढ आहे. ईमेलमध्ये हेच काम ‘सीसी’ आणि ‘बीसीसी’ या दोन रकाने करतात. मुक्त स्रोत आज्ञावली तयार करणाऱ्या जागतिक समूहांचे बरेचसे कामकाज ईमेलद्वारे चालत आले असल्यामुळे, प्रत कोणाला पाठवावी व कोणाला पाठवू नये याविषयी त्यांनी स्वतःचे लेखी संकेत तयार केले आहेत.

प्रत पाठवण्याच्या शिष्टाचारात दोन प्रश्न अंतर्भूत असतात. एखादी गोष्ट कोणाला कळली पाहिजे, हा पहिला. आणि ती कळल्यावर कोणी काही करणे अपेक्षित आहे, हा दुसरा. कागदी पत्रव्यवहारात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शब्दांत लिहिली जात. ईमेलमध्ये प्रत पाठवण्याची सोय राहिली. तिच्यासोबतचे शब्द मात्र गळून पडले. आधुनिक काळातील बहुतेक गैरसमज यातूनच उद्भवतात.

संज्ञा

‘प्रत’ हा शब्द संस्कृत ‘प्रति’ या शब्दापासून आला आहे. मराठीत त्याच्या जवळपासच्या अर्थाने ‘नक्कल’, ‘प्रतिलिपी’ आणि ‘स्थळप्रत’ हे शब्दही वापरले जातात. परंतु कार्यालयीन व्यवहारात त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

नक्कल म्हणजे मूळ अभिलेखावरून नंतर मागणीनुसार करून दिलेला उतारा. भूमी अभिलेख, न्यायालये व तहसील कार्यालये यांतून मिळणाऱ्या प्रमाणित नकला या प्रकारात मोडतात. सार्वजनिक दस्तऐवजांच्या अशा प्रमाणित प्रतींची तरतूद पूर्वी भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ७६ मध्ये होती. ती आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ मध्ये आहे. स्थळप्रत म्हणजे पाठवलेल्या पत्राचा पाठवणाऱ्या कार्यालयात ठेवला जाणारा नमुना. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली प्रत या दोहोंहून भिन्न आहे. ती मूळ पत्राबरोबरच, त्याच वेळी आणि सर्वांना दिसेल अशा रीतीने तिसऱ्या पक्षाकडे जाते.

कार्बन कागदाचा काळ

इंग्लंडमधील राल्फ वेजवूड यांनी १८०६ साली शाईने माखलेल्या कागदाच्या साहाय्याने लेखनाची प्रत काढण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टंकलेखन यंत्र कार्यालयांत आल्यावर कार्बन कागदाचा वापर सर्वत्र होऊ लागला. दोन कोऱ्या कागदांमध्ये एक कार्बन घालून टंकलेखन केले की एकाच वेळी दोन नमुने तयार होत. भारतात गोदरेज कंपनीने १९५५ साली देशी बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. पुढे संगणक येईपर्यंत महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका पातळीवरील कार्यालयांत मराठी टंकलेखन यंत्रे आणि कार्बनच्या प्रती हेच पत्रव्यवहाराचे मुख्य साधन होते.

या साधनाला एक नैसर्गिक मर्यादा होती. कार्बन जितके अधिक, तितकी खालची प्रत फिकट येई. चार-पाच प्रतींनंतरची अक्षरे वाचणे कठीण होई. अधिक प्रती हव्या असल्यास मजकूर पुन्हा टंकित करावा लागे किंवा चक्रमुद्रण करावे लागे. शिवाय प्रत्येक प्रतीला लिफाफा, तिकीट आणि जावक नोंदवहीतील एक ओळ लागे. त्यामुळे प्रत कोणाला द्यावी याचा विचार लिहिण्यापूर्वीच होत असे.

काही वेळा एखाद्याला प्रत गेल्याचे मूळ प्राप्तकर्त्याला कळू नये अशी इच्छा असे. अशा वेळी टंकलेखक वरचा मूळ कागद यंत्रातून काढून घेई आणि केवळ खालच्या प्रतींवर त्या व्यक्तीचे नाव टंकित करी. ईमेलमधील ‘बीसीसी’, म्हणजे अदृश्य प्रत, हा याच पद्धतीचा अवशेष आहे.

मराठी कार्यालयीन पत्रव्यवहारातील प्रत

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील वरिष्ठ पातळीवरील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९५६ मध्ये हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर शासकीय कामकाजात मराठीचा वापर वाढत गेला आणि भाषा संचालनालयाच्या परिभाषेमुळे पत्रलेखनाचा साचा राज्यभर बराचसा एकसारखा झाला.

या साच्यात प्रतीच्या ओळीला विशिष्ट शब्दयोजना आहे. वरिष्ठांना पाठवायच्या प्रतीवर ‘माहितीस्तव सविनय सादर’ असे लिहितात. समकक्ष किंवा दुय्यम कार्यालयाला पाठवायच्या प्रतीवर ‘माहिती व आवश्यक कार्यवाहीस्तव’ किंवा ‘उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असे लिहितात. ‘माहितीस्तव’ प्रत मिळालेल्या अधिकाऱ्याने उत्तर देणे अपेक्षित नसते. तो कागद संबंधित नस्तीत लावून ठेवतो. ‘कार्यवाहीस्तव’ प्रत मिळालेल्याला मात्र काही करणे भाग असते, आणि न केल्यास त्याला स्मरणपत्र येऊ शकते. शासन निर्णयांच्या शेवटी प्रतींची दीर्घ यादी असते आणि ती बहुधा ‘निवडनस्ती’ या नोंदीने संपते. म्हणजे एक प्रत त्याच कार्यासनात भावी संदर्भासाठी जपून ठेवली जाते.

याला पूरक असे आणखी दोन संकेत आहेत. पहिला ‘मार्फत’ हा. कर्मचारी वरिष्ठ कार्यालयाला थेट न लिहिता आपल्या कार्यालयप्रमुखामार्फत लिहितो. दुसरा ‘आगाऊ प्रत’ हा. मार्फत पाठवलेला अर्ज वाटेत रखडण्याची शक्यता असेल, तर त्याचा एक नमुना ‘आगाऊ प्रत’ असा उल्लेख करून वरिष्ठ कार्यालयाकडे आधीच पाठवला जातो. मूळ अर्ज रीतसर मार्गानेच येणार आहे, हे त्या दोन शब्दांतून स्पष्ट होते. त्यामुळे कार्यालयप्रमुखाला डावलल्याचा आक्षेप सहसा येत नाही.

उदाहरण

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या लातूर विभागीय मंडळाच्या कार्यक्षेत्रात लातूर, नांदेड व धाराशिव हे जिल्हे येतात. नांदेड जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर नावात चूक झाली, असे समजू. दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेमार्फत लातूरच्या विभागीय मंडळाकडे जातो. मुख्याध्यापक विभागीय सचिवांना उद्देशून पत्र लिहितात व त्यासोबत शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा उतारा जोडतात.

अशा पत्राखाली प्रतीच्या ओळीत कोणाचे नाव असावे? शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, नांदेड यांना प्रत पाठवायची असेल, तर ती केवळ माहितीस्तव की शाळेच्या नोंदीच्या पडताळणीसाठी, हे लिहिणे आवश्यक ठरते. काहीच न लिहिल्यास शिक्षणाधिकारी कार्यालय ती माहितीस्तव समजून नस्तीत लावेल आणि लातूरचे कार्यालय पडताळणीची वाट पाहील, असे घडू शकते. दोन्ही कार्यालयांत कागद पोहोचलेला असतो, दोन्हीकडे त्याची आवक नोंद असते, आणि तरीही काम पुढे सरकत नाही.

या यादीत सर्वांत सहज विसरले जाणारे नाव विद्यार्थ्याचे किंवा त्याच्या पालकांचे असते. पत्र त्यांच्यासंबंधी असते, परंतु ते दोन कार्यालयांमधील असते. पालकाला प्रत दिली, तर त्याच्या हाती जावक क्रमांक व दिनांक येतो आणि पुढील चौकशी तो त्या आधारे करू शकतो. प्रत दिली नाही, तर आपला प्रस्ताव शाळेतून निघाला किंवा नाही, एवढे जाणण्यासाठीही त्याला पुनःपुन्हा खेपा घालाव्या लागतात.

अर्जदाराचा प्रतीवरील अधिकार

काही बाबतींत अर्जदाराला कळवणे हा सौजन्याचा भाग न राहता कायद्याचा भाग झाला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(३) नुसार, मागितलेली माहिती दुसऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे असल्यास तो अर्ज शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत पाच दिवसांच्या आत, तिकडे हस्तांतरित करावा लागतो आणि तसे अर्जदाराला तत्काळ कळवावे लागते. प्रत्यक्षात हे काम हस्तांतरणाच्या पत्राची प्रत अर्जदाराला पाठवून केले जाते. माहिती देण्याची सर्वसाधारण मुदत तीस दिवसांची असल्याने, आपला अर्ज कोणत्या कार्यालयाकडे गेला हे अर्जदाराला माहीत नसल्यास अपील कोणाकडे करावे हेही त्याला कळणार नाही.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४ अन्वये इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील अभिलेखाला कायदेशीर मान्यता मिळाली आहे. त्यामुळे ईमेलद्वारे पाठवलेले पत्र व त्याची प्रत यांनाही आता पत्रव्यवहारात स्थान आहे.

ईमेलमधील प्रत

ईमेलच्या रचनेविषयीच्या मानकांत प्रतीचा रकाना प्रारंभापासून आहे. १९७७ सालच्या ‘आरएफसी ७३३’, १९८२ सालच्या ‘आरएफसी ८२२’ आणि २००८ सालच्या ‘आरएफसी ५३२२’ या दस्तऐवजांत तो क्रमाने आढळतो. ‘सीसी’ या अक्षरांचा अर्थ ‘कार्बन प्रत’ असाच आहे. मानकानुसार ‘प्रति’ या रकान्यात ज्यांना उद्देशून संदेश लिहिला आहे त्यांचे पत्ते असतात. ‘सीसी’मध्ये ज्यांना संदेश मिळावा, परंतु मजकूर ज्यांना उद्देशून असेलच असे नाही, त्यांचे पत्ते असतात. ‘बीसीसी’मधील पत्ते इतर प्राप्तकर्त्यांना दिसत नाहीत.

‘सीसी’ची ही व्याख्या ‘माहितीस्तव’ या शब्दाच्या जवळ जाणारी आहे. तथापि ‘कार्यवाहीस्तव’ असे सांगणारा रकाना ईमेलमध्ये नाही. ते मजकुरातच लिहावे लागते. ते न लिहिता पाच जणांना प्रत पाठवली, तर प्रत्येक जण दुसरा कोणी उत्तर देईल असे गृहीत धरतो. याउलट, केवळ माहितीसाठी प्रत मिळालेल्याने ‘सर्वांना उत्तर’ ही कळ दाबल्यास असंबद्ध उत्तरांची मालिका सुरू होते.

अदृश्य प्रतीचे दोन उपयोग आहेत. परस्परांना न ओळखणाऱ्या अनेकांना एकच सूचना पाठवताना त्यांचे पत्ते एकमेकांना उघड होऊ नयेत यासाठी तिचा वापर योग्य मानला जातो. उदाहरणार्थ, एखाद्या वर्गातील सर्व पालकांना पाठवलेली सूचना. एखाद्याच्या नकळत त्याच्याविषयीचे पत्र तिसऱ्याला दाखवण्यासाठी केलेला वापर मात्र शिष्टसंमत मानला जात नाही. त्यात व्यावहारिक धोकाही आहे. अदृश्य प्रत मिळालेल्या व्यक्तीने ‘सर्वांना उत्तर’ दिल्यास तिची उपस्थिती सर्वांना कळते.

मुक्त स्रोत प्रकल्पांतील संकेत

मुक्त स्रोत आज्ञावली म्हणजे जिचा मूळ संकेत कोणालाही वाचता, बदलता व पुन्हा वितरित करता येतो अशी संगणक आज्ञावली. लिनक्स हे प्रचालन प्रणालीचे गाभा-अंग (कर्नल) १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केले. त्यावर आधारित ‘डेबियन’ हा प्रकल्प १९९३ मध्ये इयन मरडॉक यांनी सुरू केला. अशा प्रकल्पांतील सहभागी जगभर विखुरलेले असतात. ते मेलिंग लिस्टवर, म्हणजे एका सामायिक पत्त्यावर, ईमेल पाठवतात. तेथे आलेला प्रत्येक संदेश सर्व सभासदांना वितरित होतो आणि सार्वजनिक संग्रहात कायमचा जतन केला जातो. हा संग्रह कार्यालयातील निवडनस्तीसारखाच असतो. फरक एवढाच की तो कोणालाही उघडून वाचता येतो.

अशा यादीवर एखाद्याच्या संदेशाला उत्तर देताना प्रत यादीबरोबर मूळ लेखकालाही थेट पाठवावी की नाही, या प्रश्नावर दोन परस्परविरोधी संकेत प्रचलित आहेत.

डेबियन प्रकल्पाच्या आचारसंहितेनुसार मूळ लेखकाने स्पष्टपणे मागितल्याशिवाय त्याला वेगळी प्रत पाठवू नये. लेखक यादीचा सभासद असतो व त्याला यादीतून संदेश मिळणारच असतो, असे यामागचे गृहीतक आहे. वेगळी प्रत पाठवल्यास त्याला एकच संदेश दोनदा मिळतो. सभासद नसलेल्याने यादीवर लिहिल्यास त्याने तसे मजकुरात नमूद करावे, अशीही अपेक्षा आहे. न मागता प्रत पाठवणाऱ्याविषयी तक्रार करायची असल्यास ती यादीवर न करता त्याला खासगीत कळवावी, असेही ही संहिता सुचवते.

लिनक्स कर्नलच्या विकासात याच्या नेमके उलट अपेक्षित असते. तेथे उत्तर देताना आधीच्या संदेशातील सर्व व्यक्तींना प्रतीत कायम ठेवतात, आणि कोणाचे नाव विनाकारण वगळणे अयोग्य मानतात. कर्नलच्या मुख्य यादीवर दररोज शेकडो संदेश येतात; अनेक विकासक तिचे सभासद नसतात, आणि असले तरी सर्व संदेश वाचू शकत नाहीत. स्वतःच्या पत्त्यावर थेट आलेली प्रत हीच त्यांच्यासाठी ‘येथे आपले लक्ष हवे आहे’ अशी सूचना असते. कोणत्या भागाची देखभाल कोण करतो याची यादी मूळ संकेतासोबतच दिलेली असते. प्रस्तावित बदलाची प्रत कोणाकोणाला पाठवावी हे त्या यादीवरून शोधून देणारी एक छोटी आज्ञावलीही उपलब्ध आहे.

वरकरणी विरोधी दिसणाऱ्या या दोन संकेतांचा हेतू एकच आहे. चर्चा सार्वजनिक नोंदीत राहावी आणि ज्याचे लक्ष आवश्यक आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचावी, हा तो हेतू होय. यादीवरील संदेशांची संख्या, सभासदत्वाची पद्धत आणि वाचण्याची रीत यांवर कोणता संकेत योग्य हे ठरते. एका प्रकल्पात सौजन्य मानली जाणारी कृती दुसऱ्यात चूक ठरू शकते. म्हणून या क्षेत्रात सर्वत्र लागू पडणारा एकच नियम सांगता येत नाही.

प्रतीची नोंद

कर्नलमधील बदलाच्या वर्णनाखाली ‘सीसी’ अशी एक स्वतंत्र ओळ लिहिता येते. एखाद्या व्यक्तीला मत देण्याची संधी देण्यात आली होती, पण तिने मत दिले नाही, याची ती नोंद असते. संबंधिताची संमती मिळाली असा तिचा अर्थ होत नाही. मराठी कार्यालयातील ‘माहितीस्तव सादर’ या शब्दांनीही एवढेच सिद्ध होते. कर्नलच्या स्थिर आवृत्त्या सांभाळणाऱ्या गटाचा पत्ता याच ओळीत लिहिल्यास मात्र तिचा अर्थ पालटतो. मुख्य आवृत्तीत समाविष्ट झाल्यावर हा बदल जुन्या स्थिर आवृत्त्यांतही घ्यावा, अशी ती सूचना ठरते. म्हणजेच येथे ‘सीसी’ हीच ओळ ‘कार्यवाहीस्तव’ होते.

उत्तराचा पत्ता

यादीवरील संदेशाला साधे उत्तर दिल्यास ते मूळ लेखकाकडे जावे की सर्व यादीकडे, हाही दीर्घकाळ वादाचा विषय आहे. काही याद्यांचे व्यवस्थापक उत्तराचा पत्ता बदलून तो यादीचाच ठेवतात. त्यामुळे चर्चा आपोआप सार्वजनिक राहते. परंतु एखाद्याला खासगीत लिहिलेला मजकूर चुकून शेकडो लोकांना जाण्याचा संभव वाढतो. पत्ता न बदलल्यास उलट चूक होते. उपयुक्त उत्तर एकाच व्यक्तीकडे जाते आणि संग्रहात प्रश्न राहतो, उत्तर राहत नाही. पहिली चूक परत घेता येत नाही, तर दुसरी तोच संदेश यादीवर पुन्हा पाठवून दुरुस्त करता येते. पत्ता न बदलण्याच्या बाजूने केला जाणारा हा एक महत्त्वाचा युक्तिवाद आहे.

या अडचणीवर काही तांत्रिक उपाय झाले. १९९८ सालच्या ‘आरएफसी २३६९’ने यादीचा पत्ता संदेशाच्या शीर्षभागात नोंदवण्याची पद्धत निश्चित केली. त्यामुळे काही ईमेल आज्ञावलींत ‘लेखकाला उत्तर’ व ‘सर्वांना उत्तर’ यांखेरीज ‘यादीला उत्तर’ अशी तिसरी कळ देता आली. ‘मेलमॅन’ या यादी-व्यवस्थापन आज्ञावलीत दुहेरी प्रत टाळण्याची सोय आहे. सभासदाला थेट प्रत गेली असल्यास यादीकडून त्याला दुसरी पाठवली जात नाही. मात्र थेट आलेल्या प्रतीवर यादीची खूण नसल्याने, खुणेनुसार संदेशांची वर्गवारी करणाऱ्यांच्या ठरावीक कप्प्यात ती जात नाही.

खासगी आणि सार्वजनिक

खासगी ईमेल त्याच्या लेखकाच्या संमतीशिवाय यादीवर उद्धृत करू नये, हा बहुतेक प्रकल्पांत मान्य असलेला संकेत आहे. कर्नलच्या नियमांनुसार एखाद्याने दोष खासगीत कळवला असल्यास, बदलाच्या नोंदीत त्याचे नाव घालण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी लागते. सुरक्षेशी संबंधित गंभीर दोषांची माहिती प्रथम सार्वजनिक यादीवर न देता त्यासाठी नेमलेल्या खासगी पत्त्यावर देण्याची पद्धत आहे, कारण दुरुस्ती होण्यापूर्वी दोष उघड झाल्यास वापरकर्त्यांची हानी होऊ शकते. सार्वजनिकतेच्या सर्वसाधारण नियमाला असलेला हा एक मान्य अपवाद आहे.

मराठीकरण आणि सार्वजनिक चर्चा

गनोम, केडीई, लिबरऑफिस, फायरफॉक्स आदी मुक्त आज्ञावलींचे मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी केले आहे. ‘फ्युएल’ या प्रकल्पात मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी संगणकाच्या पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांच्या प्रमाण याद्या सामूहिक चर्चेतून तयार करण्यात आल्या. पुण्यामुंबईतील लिनक्स वापरकर्त्यांच्या गटांनीही मेलिंग लिस्टद्वारे परस्पर साहाय्याची परंपरा निर्माण केली.

भाषांतराच्या कामात प्रतीचे महत्त्व विशेष जाणवते. एखाद्या संज्ञेसाठी ‘फाइल’ ठेवावे की ‘धारिका’ घ्यावे, यावर दोन भाषांतरकारांनी खासगी ईमेलमध्ये चर्चा करून निर्णय घेतला, तर पडद्यावर फक्त निर्णय दिसतो. त्यामागील कारण दिसत नाही. काही वर्षांनी ते दोघे प्रकल्पातून बाहेर पडल्यावर नव्या भाषांतरकाराला तीच चर्चा पुन्हा करावी लागते. चर्चेची प्रत सार्वजनिक यादीवर गेली असेल, तर तो आधीचे युक्तिवाद वाचून पुढे जाऊ शकतो.

हीच गोष्ट नवशिक्या विद्यार्थ्यांनाही लागू पडते. नांदेड किंवा लातूर येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला अशा प्रकल्पातील अनुभवी विकासक प्रत्यक्ष भेटण्याची शक्यता कमी असते. जुन्या प्रश्नोत्तरांचा सार्वजनिक संग्रह हाच त्याचा मोठा आधार असतो. २००५ पासून चालणाऱ्या ‘गूगल समर ऑफ कोड’सारख्या उपक्रमांत प्रथमच सहभागी होणारे अनेक जण संकोचामुळे मार्गदर्शकाला खासगी ईमेल लिहितात. प्रकल्पांकडून मात्र प्रश्न सार्वजनिक ठिकाणी विचारण्याची सूचना सहसा मिळते. त्यामुळे मार्गदर्शक व्यग्र असल्यास अन्य कोणी उत्तर देऊ शकतो आणि ते उत्तर पुढच्या विद्यार्थ्यालाही सापडते. मराठी शाळा-कार्यालयांतील ‘मार्फत’च्या संस्काराला हे विपरीत वाटले, तरी त्यात वरिष्ठाचा अनादर होत नाही.

गैरवापर

प्रत हे दबावाचे साधनही होऊ शकते. सहकाऱ्याला लिहिलेल्या किरकोळ तक्रारीची प्रत पहिल्याच पत्रात त्याच्या वरिष्ठांना पाठवणे, ही कागदी व ईमेल अशा दोन्ही व्यवहारांत आढळणारी प्रवृत्ती आहे. प्राप्तकर्त्याचे लक्ष अशा वेळी मूळ विषयावरून हटून प्रतीच्या यादीवर खिळते आणि उत्तर खुलाशाच्या स्वरूपात येते. कार्यालयीन रीतीनुसार प्रथम संबंधिताला, नंतर स्मरणपत्राद्वारे पुन्हा संबंधिताला, आणि त्यानंतर वरिष्ठांना प्रत देऊन, असा क्रम सामान्यतः योग्य समजला जातो.

याच्या उलट टोकाला, ज्याच्याविषयी निर्णय होत आहे त्यालाच प्रतीतून वगळणे, हा दुसरा गैरवापर आहे. त्याची निष्पत्ती अधिक गंभीर असते, कारण वगळलेल्या व्यक्तीला आपण वगळलो गेलो हेच माहीत नसते.

सर्वसाधारण संकेत

कागदी पत्र, कार्यालयीन ईमेल आणि मुक्त स्रोत प्रकल्पांच्या याद्या या तिन्हींना लागू होणारे काही संकेत पुढीलप्रमाणे आहेत.

१. प्रत माहितीसाठी आहे की कार्यवाहीसाठी, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. कार्यवाही अपेक्षित असल्यास कोणाकडून, तेही लिहावे.

२. ज्याच्यासंबंधी पत्र आहे त्याला, गोपनीयतेचे रास्त कारण नसल्यास, प्रत द्यावी.

३. चालू चर्चेत नवी व्यक्ती जोडल्यास किंवा एखादी वगळल्यास मजकुरात एका ओळीत तसे सांगावे.

४. खासगी पत्र संमतीशिवाय सार्वजनिक करू नये; सार्वजनिक चर्चेतील प्रश्नाचे उत्तर सकारण असल्याशिवाय खासगीत देऊ नये.

५. अदृश्य प्रतीचा वापर प्राप्तकर्त्यांचे पत्ते जपण्यापुरता करावा.

६. नव्या समूहात लिहिण्यापूर्वी त्याचे लेखी नियम व जुने संदेश वाचावेत, कारण प्रतीविषयीचे संकेत समूहागणिक भिन्न असतात.